भीमथडीची बोथट शस्त्रे

इंदापूर आणि बारामती ही नावे आज उसाच्या मळ्यांकरिता आणि साखर कारखान्यांकरिता घेतली जात असली, तरी नीरा, कऱ्हा आणि भीमा यांच्या काठचा हा मुलूख कित्येक पिढ्या तलवारीच्या कमाईवर जगलेल्या कुळांचा आहे, हे विसरून त्याचा इतिहास लिहिता येणार नाही. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापुरासच लढाईत पडले. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे मोडत, आणि त्यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पुढे ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने पेशव्यांच्या फौजेचा मोड केला तो बारामतीजवळच. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हडपसरच्या लढाईत पेशव्यांचे उरलेसुरले दैवही फिरले. मालोजीराजांपासून फत्तेसिंग मान्यापर्यंतच्या त्या दोन शतकांत या परगण्यांतल्या किती घरांची चूल शिलेदाराच्या आणि बारगिराच्या मुशाहिऱ्यावर पेटत होती, याची कल्पना आजच्या बागायतदाराला करून द्यावी लागते.

लढायांचा हा वृत्तांत बखरींत आणि इतिहासग्रंथांत पुष्कळ सापडतो. परंतु दोन लढायांच्या मधल्या काळात ही माणसे काय करीत होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते या मुलखाचे खरे शहाणपण त्या मधल्या काळातच दडलेले आहे. शिपाईगिरीवर पोट भरणाऱ्या माणसाला शस्त्राचा सराव नित्य करावा लागतो. तो सराव हवेत हात फिरवून पुरा होत नाही, समोर हालणारा, चुकविणारा आणि उलटून मारणारा जिवंत गडी असावा लागतो. आणि असा गडी आपलाच भाऊबंद, आपल्याच पथकातला सोबती असल्यामुळे त्याला जायबंदी करून सराव करणे म्हणजे लढाईपूर्वीच आपली फौज आपल्या हाताने कापून काढणे होय. खऱ्याइतके कठीण आणि तरीही निर्धोक असे द्वंद्व कसे उभे करावे, हा पेच तलवार हाती घेतलेल्या प्रत्येक समाजापुढे उभा राहिला आहे.

भीमथडीच्या, म्हणजे भीमेकाठच्या या प्रदेशाने या पेचातून पहिली वाट काढली ती घोड्याच्या पाठीवर. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत निपजणारी भीमथडी जातीची तट्टे ठेंगणी, काटक आणि थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारी म्हणून प्रसिद्ध होती, आणि मराठ्यांच्या घोडदळाची मदार पुष्कळ अंशी त्यांच्यावर होती. या घोडदळाचे मुख्य शस्त्र भाला. आणि भाल्याच्या सरावाचे साधन बोथाटी. लांब वेळूच्या टोकाला पोलादी पात्याऐवजी कापडात गुंडाळलेला लाकडी गोळा बसवीत, तो गोळा रंगात बुडवीत, आणि मग दोन स्वार मोकळ्या माळावर एकमेकांवर घोडी घालून, हूल दाखवून, पाठलाग करून, मागे वळता वळता उलट फेक करून एकमेकांच्या अंगावर ठिपका उमटविण्याचा प्रयत्न करीत. ज्याच्या अंगरख्यावर रंग लागला तो रणात मेला असता, हे त्याला, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला आणि कडेला उभ्या असलेल्या मंडळींना एकाच क्षणी कळत असे. वाद घालायला जागा नसे, रक्तही सांडत नसे, आणि डावाची कसोटी मात्र कणभरही सैल होत नसे. साधन बोथट केले म्हणून खेळ सोपा होत नाही, उलट बोथट साधनामुळेच पूर्ण वेगाने वार करण्याची मोकळीक मिळते, हे या मातीने बोथाटीवर शिकून घेतले.

पायदळाच्या शिक्षणात हेच काम फरी-गदग्याने केले. फरी म्हणजे कातड्याची लहान वाटोळी ढाल, आणि गदगा म्हणजे तलवारीच्या जागी वापरावयाची, सुमारे हातभर-दीड हात लांबीची, कातड्याने मढविलेली काठी. कातड्यामुळे काठीचा मार अंगावर वाजतो, झोंबतो, पण हाड सहसा मोडत नाही. आणि डाव्या हातातली फरी लहान असल्यामुळे तिच्याआड दडून राहण्याची सोय उरत नाही, प्रत्येक वार डोळ्याने ओळखून तिच्यावर तोलून धरावा लागतो. पंजाबात याचाच भाऊबंद असलेला गतका आजही चढाओढीने खेळला जातो, तेव्हा ही कल्पना एका प्रांतापुरती नव्हती हे उघड आहे.

ती एका खंडापुरतीही नव्हती. इसवी सनापूर्वी २०९ मध्ये स्पेनातील नवे कार्थेज जिंकल्यानंतर रोमन सेनापती स्किपिओ याने आपल्या सैन्याची जी कवाइत सुरू केली, तिचे वर्णन करताना पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की, सैनिकांना कातड्याने मढविलेल्या आणि टोकाला बोंड बसविलेल्या लाकडी तलवारींनी परस्परांशी लढविले जाई, आणि त्यांच्या फेकभाल्यांच्या टोकांनाही तसेच बोंड असे. गदगा आणि बोथाटी या दोहोंची ही जणू सख्खी भावंडेच. याउलट ऱ्हाइन नदीपलीकडच्या जर्मन टोळ्यांविषयी टॅसिटसने जे लिहून ठेवले आहे ते वेगळे आहे: त्यांच्या मेळ्यांत एकच एक तमाशा असे, आणि तो म्हणजे उघड्या अंगाने तरुणांनी नंग्या तलवारी आणि भाल्यांच्या मधून उड्या मारीत नाचणे, सरावाने त्यांत कौशल्य आले, कौशल्याने त्यात डौल आला, आणि पाहणाऱ्यांच्या आनंदाखेरीज त्यांना त्याचे दुसरे मोल मिळत नसे. रोमनांची बोथट तलवार जिवंत गड्याशी झुंजण्यासाठी होती. जर्मन तरुणांची धारदार तलवार प्रेक्षकांसाठी होती. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आपल्या कथेचे पुढचे वळण त्याच्यावर अवलंबून आहे.

दांडपट्ट्याची गोष्ट मात्र या दोहोंपेक्षा बिकट. कोपरापर्यंत हात झाकणारा पोलादी खोबळा आणि त्यातून निघालेले लांब, लवचिक, दुधारी पाते अशी या शस्त्राची घडण असल्यामुळे मनगट त्यात मोकळे राहत नाही. वार खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून निघतो, आणि एकदा निघालेला वार अर्ध्यावर आवरणे मोठ्या कसबाचे काम असते. अशा शस्त्राची धार मारून टाकली तरी त्याचा फटका बोथट होत नाही. म्हणून पट्ट्याच्या बाबतीत निर्धोकपणा साधनात न ठेवता शिक्षणाच्या क्रमात ठेवावा लागला. आधी पवित्रे, मग काठी, काठीवर हात बसल्यावर पट्टा. तोही आधी एकट्याने, मग मोजक्या अंतरावर जोडीने, आणि वाराचे व तोडीचे ठरीव हात अंगवळणी पडल्यानंतरच मोकळा. या क्रमात घाई करणाऱ्याला पुढचा हात न देणे हा वस्तादाचा अधिकार होता. आखाड्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी नेणे, शस्त्राला वंदन करणे, समोरच्याला सलामी देणे, या गोष्टींना आपण आज नुसता शिष्टाचार समजतो. पण सलामी झाल्याखेरीज वार नाही आणि वस्तादाने थांब म्हटल्यावर वार नाही, या दोन वेशींच्या आतच शस्त्र चालावयाचे, असा त्यांचा व्यवहारातला अर्थ होता.

वस्तादाच्या या अधिकाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे. कुरुकुमारांच्या विद्येचे प्रदर्शन द्रोणाचार्यांनी रंगभूमीवर मांडले, त्या वेळी भीम आणि दुर्योधन यांचा गदेचा खेळ बघता बघता खऱ्या वैराकडे झुकू लागला, प्रेक्षकांत दोन तट पडून आरोळ्या उठू लागल्या, आणि ते पाहून आचार्यांनी अश्वत्थाम्याला मध्ये घालून दोघांना आवरावयास लावले. हे समग्र महाभारत आर्यावृत्तात मराठीत उतरविणारे मोरोपंत बारामतीचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांनी आपले आयुष्य कऱ्हेच्या काठी काढले आणि १७९४ साली तेथेच देह ठेवला. पुराणाच्या निमित्ताने ती कथा ऐकणाऱ्या श्रोत्यांमध्ये नाईकांच्या पदरचे शिपाईही बसत असतील, तर द्रोणाचार्यांच्या त्या एका इशाऱ्यात त्यांना स्वतःच्या वस्तादाचा आवाज ऐकू आला नसेल, असे कोण म्हणेल? गड्यांचा राग आणि प्रेक्षकांचा गलबला ही दोन खरी संकटे आहेत, धार त्यानंतरची, एवढे त्या प्रसंगातून स्पष्ट होते.

सणावारांना तर शस्त्र घराबाहेर पडत असे, आणि तेथे ही संकटे दुणावत. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे घासूनपुसून त्यांची पूजा करावयाची, दुसऱ्या दिवशी शिलंगणाला निघावयाचे. मोहरमात ताबुतांपुढे तालमींच्या पोरांनी काठीचे आणि पट्ट्याचे हात करावयाचे, आणि त्यात हिंदू-मुसलमान हा भेद न मानता गावच्या सगळ्या तालमींनी उतरावयाचे, अशी देशावरची रीत होती. शेजारच्या जेजुरीस दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा सुमारे बेचाळीस किलो वजनाचा खंडा उचलण्याची चढाओढ अजून होते, आणि तीत ताकदीचे, तोलाचे व दम धरण्याचे जे दर्शन घडते त्यात कोणावरही शस्त्र चालवावे लागत नाही, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे.

सणातल्या शस्त्राने किती फसगत होऊ शकते याचा दाखला मात्र सुप्यातच आहे. शहाजीराजांच्या वतीने सुप्याचा कारभार पाहणारे संभाजी मोहिते हे शिवरायांचे सावत्र मामा. ते भाच्याच्या हुकुमाखाली येईनात, तेव्हा शिवराय शिमग्याच्या सणाचे पोस्त, म्हणजे बक्षिसी, मागण्याच्या मिषाने त्यांच्या भेटीस गेले आणि त्यांना कैद करून ठाणे घेतले, असे सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. राजकारणाच्या दृष्टीने हा डाव बिनतोड होता, आणि त्याचे समर्थन करण्याची आज गरज नाही. आपल्या विषयापुरते एवढेच पाहावयाचे की, तो डाव सिद्धीस गेला याचे कारण सणाच्या दिवशी सोबतीला आलेल्या माणसांची शस्त्रे खेळाची समजण्याची सगळ्यांना सवय असावी. खेळ आणि लढाई यांमधली वेस जोवर दोन्ही बाजूंना मान्य आहे तोवरच ती वेस; एकाने ती ओलांडली की दुसरा निःशस्त्रासारखाच.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि शिलेदाराचा मुशाहिरा सरला. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अंमलदारांनी इंदापूर तालुक्याची जी पाहणी व जमाबंदी पुरी केली, तिच्यावरून पुढे मुंबई इलाख्याची सारी रयतवारी बांधली गेली. आणि ज्या तालुक्याच्या दप्तरात पूर्वी घोडी आणि स्वार मोजले जात होते, तेथे आता एकर-गुंठे आणि आणेवारी मोजली जाऊ लागली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने उरलेसुरले शस्त्र परवान्याखाली गेले. अशा वेळी ही विद्या जगली ती तालमीच्या आश्रयाने, आणि ज्यांना समाजाने गावकुसाबाहेर ठेवले होते अशा माणसांच्या हातांत. पुरंदरच्या पायथ्याशी जन्मलेले लहुजी वस्ताद साळवे (१७९४-१८८१) यांनी पुण्यात गंज पेठेत तालीम चालविली, आणि जोतीराव फुले यांनी दांडपट्ट्याचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जेवढी महत्त्वाची तेवढीच शस्त्रविद्येच्या इतिहासातही महत्त्वाची मानली पाहिजे.

विसाव्या शतकात या विद्येला पुन्हा मान मिळू लागला. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले, आणि त्या मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्याच सुमारास बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड काढण्यास प्रारंभ केला आणि तालमींच्या आठवणीत विखुरलेले डाव छापील चित्रांत आणि वर्णनांत बांधून ठेवले. हे सारे कार्य थोर होते. परंतु याच कार्याच्या ओघात एक बदल कोणाच्या फारसा ध्यानात न येता घडून गेला. बोथाटी माळावरून नाहीशी झाली, कारण घोडी राहिली नाहीत. फरी-गदगा मागे पडला, कारण हार-जीत ठरविणारे वस्ताद आणि जोड्या राहिल्या नाहीत. उरले ते प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात प्रतिस्पर्धी नसतो, प्रेक्षक असतो. आणि प्रेक्षकाला कातड्याने मढविलेल्या काठीत मौज वाटत नाही.

त्यामुळे आज शिवजयंतीच्या मिरवणुकीत बारामतीच्या किंवा इंदापूरच्या पेठेतून मर्दानी खेळांची पथके जाऊ लागली म्हणजे सर्वांत मोठी टाळी कोठे पडते, हे पाहावे. डोळे बांधलेला पट्टेकरी जमिनीवर निजलेल्या पोराच्या गळ्यावरचे किंवा पोटावरचे लिंबू कापतो तेथे ती पडते. लिंबू कापण्याचा हा खेळ जुना आहे आणि त्यास लागणारे कसब खरे आहे, यात शंका नाही; मुलींनीही आता या पथकांत पुढाकार घेतला आहे, ही तर अभिमानाची बाब होय. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, त्यामुळे या विद्येकडे लोकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले, हेही इष्टच झाले. परंतु ज्या पूर्वजांच्या नावाने हे सारे चालते त्यांचा काळ रक्तपाताचा असूनही त्यांनी सरावासाठी बोथट शस्त्र घेतले, आणि आपला काळ शांततेचा असूनही आपण तमाशासाठी धारदार शस्त्र घेतो, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही. लढाईसाठी सराव करणाऱ्याला सोबती दुसऱ्या दिवशी धडधाकट हवा असे. टाळीसाठी सराव करणाऱ्याला तो तेवढ्या क्षणापुरता स्थिर असला की पुरे. टॅसिटसने वर्णिलेल्या तरुणांच्या वाटेला आपण लागलो आहोत, आणि स्किपिओची, म्हणजे आपल्याच बोथाटीची, वाट सोडली आहे.

कायदा या बाबतीत काही प्रमाणात उपयोगी पडतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली, जेथे सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तेथे, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे शस्त्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वये हुकूम लागू असेल त्या मुदतीत तलवारी, भाले, सोटे आणि काठ्यासुद्धा रस्त्यावर आणण्यास मनाई असते. परंतु कायदा शस्त्र कोठे न्यावे हे सांगतो, ते कसे चालवावे हे सांगत नाही. तो भाग खेळणाऱ्यांनीच सांभाळावयाचा आहे. युरोपात जुन्या केल्ट आणि जर्मन टोळ्यांच्या लढाया वेष करून पुन्हा उभ्या करणारी हौशी मंडळे आहेत. त्यांच्या पाठीशी अखंड गुरुपरंपरा नाही, जे काही आहे ते पुस्तकांतून आणि उत्खननांतून गोळा केलेले आहे. आणि म्हणूनच कदाचित, त्यांनी नियम लिहून काढले आहेत. तलवारीची धार घासून जाड व गोल केलेली असावी, टोक वाटोळे असावे, रिंगणात येण्यापूर्वी प्रत्येक शस्त्र तपासले जावे, डोक्यावर आणि तोंडावर वार करू नये, प्रेक्षक आणि खेळणारे यांत ठरीव अंतर असावे, असे त्यांचे दंडक असतात. आपल्यापाशी परंपरा होती म्हणून आपण नियम लिहिले नाहीत. आता परंपरा विरळ झाली आणि नियमही हाती नाहीत, अशी आपली स्थिती आहे.

या मुलखाला शिस्त ठाऊक नाही असे मात्र कोणी म्हणू नये. तुकोबारायांची पालखी दर वर्षी बारामतीवरून इंदापुराकडे जाते, त्या वाटेवर काटेवाडीस मेंढ्यांचे आणि बेलवाडीस व इंदापुरास अश्वांचे रिंगण होते. हजारो माणसे दाटीवाटीने उभी असता मध्यभागी घोडी भरधाव धावतात, आणि ही सारी गर्दी आवरली जाते ती चोपदाराच्या उंचावलेल्या दंडाने व माणसांनी स्वतःहून राखलेल्या वर्तुळाने. धावत्या घोड्यासाठी जी कड राखता येते, ती फिरत्या पट्ट्यासाठीही राखता येईल. त्यासाठी तालुक्यांच्या क्रीडास्पर्धांत फरी-गदग्याची चढाओढ पुन्हा सुरू करावी. शस्त्राची तपासणी आणि शिक्षणाचा क्रम प्रत्येक पथकाने कागदावर आणावा. लिंबाचा हात ज्याला करावयाचा त्याने आधी जिवंत प्रतिस्पर्ध्यापुढे आपले कसब सिद्ध करावे, आणि तोही प्रयोग निजलेल्या पोराऐवजी लाकडी ठोकळ्यावर करून दाखवावा. यामुळे टाळ्या काही कमी पडतील, हे मान्य केले पाहिजे. परंतु मर्दानी खेळाचे मोल टाळ्यांनी ठरवावयाचे की खेळून घरी परतलेल्या दोन धडधाकट गड्यांनी, याचा निकाल भीमथडीच्या स्वारांनी रंगात बुडविलेल्या गोळ्याने केव्हाच देऊन ठेवला आहे. आपण त्याची अंमलबजावणी तेवढी करावयाची आहे.